तिसरी सायकल

सायक्लोक्रॉसची शर्यत धुण्यावर जिंकली जाते, असं आमचे हे म्हणायचे. पाय माझे, पण निम्मी शर्यत त्यांच्या हातातल्या ब्रशवर आणि पाण्याच्या पाइपवर असायची. खोटं नव्हतं ते.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. यात डांबरी रस्ता नसतो. थंडीच्या दिवसांत, भर चिखलात, डोंगराच्या अंगावर आखलेल्या एकाच वाटेवरून फेऱ्या मारायच्या. वाटेत आडव्या फळ्या ठोकलेल्या असतात, तिथे चालत्या सायकलवरून उतरून, ती उचलून उडी मारायची. चढ इतका उभा येतो की सायकल खांद्यावर टाकून पळत चढावं लागतं. एका फेरीत चाकांत, ब्रेकमध्ये, साखळीत एवढा चिखल आणि गवत भरतं की सायकल दुप्पट जड होते. म्हणून प्रत्येकाकडे दोन सायकली. एक चालवायची, दुसरी पिटमध्ये, म्हणजे वाटेकडेच्या सायकल बदलण्याच्या जागेत, धुऊन तयार ठेवायची. फेरी मारून आलं की घाणेरडी सोडायची, स्वच्छ घ्यायची आणि सुटायचं. तोवर पिटमधला माणूस सोडलेली धुतो.

ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मागे नळ असलेलं फरशीचं अंगण. माझ्या दोन्ही सायकली ह्यांनीच बांधल्या होत्या, हुबेहूब एकसारख्या. सीटची उंची, हँडलवर गुंडाळलेल्या पट्टीचे वेढे, ब्रेकचा ताण, सगळं सारखं. अंधारात हात लावून मलाही कुठली कुठली ते ओळखता यायचं नाही. तेच तर हवं होतं. सायकल बदलली हे अंगाला कळता कामा नये.

पिटमध्ये ह्यांचा एक नियम होता. माझ्या चेहऱ्याकडे कधी बघायचं नाही. "तोंडाकडे बघितलं की दया येते," असं म्हणायचे, "आणि दया आली की हात थांबतो. मी आपला चाकाकडे बघतो आणि नंबराकडे." शिवाय बघण्यासारखं असायचं काय तिथे? दुसऱ्या फेरीनंतर सगळ्यांचीच तोंडं सारखी. चिखलाचा एक गोळा आणि त्यात दोन डोळे.

सासूबाईंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "बायकोने चिखलात लोळायचं आणि नवऱ्याने मागून धुवत बसायचं. उलटा संसार आहे तुमचा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. त्या बोलायच्या तेव्हा हे माझ्याकडे बघून भुवई उडवायचे आणि मी हसू दाबायला मोरीकडे जायचे. संसार उलटा असेल, पण सुखाचा होता. शेवटच्या शर्यतीत डोंगरावरून जी बाई खाली आली ती मीच, एवढी एक गोष्ट ह्यांना पटवण्यात पुढे माझं सगळं आयुष्य गेलं. म्हणून आधीचं सुख नीट आठवून ठेवलंय.

ती शर्यत गावाबाहेरच्या खाणीच्या डोंगरावर होती. खाण केव्हाच बंद पडलेली. पायथ्याला शाळेचं मैदान, तिथे सुरुवात आणि शेवट. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड, ते पिट. तिथून वाट झाडीत शिरायची, उभ्या चढाने खाणीच्या काठावर जायची आणि पलीकडून घसरत परत मैदानात यायची. आदल्या दिवसापासून पाऊस लागला होता. सकाळी त्यात बोचरा वारा आला, मग बारीक गारा. डोंगराचा वरचा निम्मा भाग धुक्यात गेला. शर्यत रद्द होईल असं वाटत होतं, पण घंटावाले काका छत्री धरून आले आणि म्हणाले, "चिखलाला घाबरायचं असेल तर घरी बसून कॅरम खेळा." फेऱ्या तेच मोजत. शेवटची फेरी सुरू झाली की पितळी घंटा वाजवत.

माझी खरी चुरस लांबटांगीशी. हे नाव आम्ही ठेवलं होतं. तिने मला काय नाव ठेवलं होतं ते मी विचारलं नाही. तिचा भाऊ तिच्यासाठी सायकली धुवायचा, ह्यांच्या शेजारच्याच नळावर. माणूस गप्प. मला त्या दोघांचा भरवसा नव्हता. आदल्या वर्षी तिने आमच्यासारखीच सायकल बांधून घेतली होती, त्याच रंगाची. रंग काय कोणालाही आवडतो, असं हे म्हणाले. मला तेव्हाही ते पटलं नाही.

पहिली फेरी ठीक गेली. म्हणजे पडले, उठले, फळीवर नडगी आपटली, जे व्हायचं ते सगळं झालं. पिटमध्ये ह्यांनी स्वच्छ सायकल तिरकी धरून ठेवली होती, एक हात सीटवर, एक हँडलवर. मी माझी सोडली आणि ओरडले, "मागचा ब्रेक." हीही पद्धत होती. सायकल सोडताना तिचं जे बिघडलंय ते एका शब्दात सांगायचं. हे खालच्या मानेने "हं" म्हणाले. मी सुटले.

दुसऱ्या फेरीत उभ्या चढावर धुकं इतकं दाटलं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. सायकल खांद्यावर, डावा हात हँडलला, उजवा हात जमिनीला टेकवत चढत होते. बुटांत पाणी. आजूबाजूला झाडांवरून थेंब पडण्याचा आवाज आणि माझा श्वास. वर खाणीच्या काठाशी पोचले तेव्हा क्षणभर थांबले. का थांबले, आठवत नाही. किती वेळ, तेही मला नीट सांगता येत नाही. मोजे काढून पिळले असावेत. एवढं आठवतं की तिथे वारा मुळीच नव्हता आणि खालून कुणाचाच आवाज येत नव्हता.

उतरून पिटमध्ये आले. हे नळाखाली सायकल धुवत होते, माझ्याकडे पाठ करून. माझ्यासाठी काहीच तयार नव्हतं.

"अहो," मी ओरडले, "सायकल."

ह्यांनी मान वर केली. तेव्हा, त्या एकदाच, त्यांनी पिटमध्ये माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तू आत्ताच तर गेलीस," ते म्हणाले.

"काय?"

"आत्ता आलीस, ही टाकलीस, ती घेतलीस. गेलीस."

मला वाटलं, गारठ्याने डोकं चालेनासं झालंय. हातातली सायकल आपटून मी म्हणाले, "अहो, तुम्ही माझी सायकल दुसऱ्या कुणाला दिलीत?"

"नंबर तुझा होता."

शेजारच्या नळावर लांबटांगीचा भाऊ उभा होता. हातात ब्रश तसाच. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने नजर फिरवली. तिथेच माझी खात्री पटली. हा त्या बहीणभावाचाच डाव. पाठीवर खोटा नंबर लावून माझी स्वच्छ सायकल पळवली. ह्यांच्यासारखा भोळा माणूस, चाकाकडे बघणारा. त्याला फसवायला कितीसं लागतं?

"द्या ती," मी म्हणाले. ह्यांच्या हातातली अर्धवट धुतलेली सायकल ओढून घेतली आणि निघाले.

निघाल्यावर दोन गोष्टी कळल्या. पहिली, ती सायकल मला बसत होती. लांबटांगी माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिच्या सायकलच्या पेडलपर्यंत माझे पाय पोचले नसते. ही मात्र माझ्या मापाची होती, आणि पट्टीचे वेढे मी जिथे अंगठा ठेवते तिथेच दाबलेले होते. दुसरी गोष्ट मैदान ओलांडताना दिसली. दोरीपलीकडे घोंगडी पांघरून लांबटांगी बसली होती. पायाशी तुटक्या साखळीची सायकल.

मी वेग कमी केला. "कधी थांबलीस?"

"पहिल्याच चढाला," ती कण्हत म्हणाली. "काय गं, मघाशी हाक मारली तर बघितलंही नाहीस. एवढा माज?"

मी पुन्हा पेडल मारलं.

पुढे टेबलापाशी घंटावाले काका. माझी तिसरी, शेवटची फेरी होती. मी जवळ आले तरी त्यांनी घंटेला हात लावला नाही.

"काका, घंटा."

"तुमची वाजवली की मघाशी," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी छत्री जरा खाली घेतली, तोंडासमोर. "जा, जा तुम्ही."

मी गेले. आणखी काय करणार? थांबून भांडावं तर वेळ जाणार, आणि माझी सायकल घेऊन जी कोण पुढे गेली होती ती हाती लागणार नव्हती. चिखलात तिच्या चाकांची ताजी ओळ दिसत होती. मी त्या ओळीवर लक्ष ठेवलं. पकडायचं आणि सगळ्यांसमोर खाली आणायचं, एवढंच डोक्यात होतं. ओळ जिथे घसरली होती तिथे मीही घसरत होते. फळ्यांपाशी बुटांचे ठसे होते. डावा पाय आधी, टाच किंचित बाहेर. त्याच ठशांत माझे पाय पडत होते, बघून नव्हे, आपोआप.

उभ्या चढाच्या तळाशी मी सायकल खांद्यावर घेतली.

धुकं आता खाली उतरलं होतं. मी चढू लागले. थोड्या वेळाने वरून आवाज आला. कुणीतरी चढत होतं. बूट चिखलातून उपटल्याचा आवाज, मग श्वास, मग सायकलची चेन पाठीवर आपटल्याचा.

मी वेग वाढवला. वरचा आवाजही वाढला.

मग धुक्यात पाठ दिसली. खांद्यावर सायकल, डावा हात हँडलला, उजवा जमिनीला. पाठीवर नंबर. चिखलाने माखलेला, पण वाचता येत होता.

मी नंबराकडे पाहिलं नाही. मी तिच्या पायांकडे पाहत राहिले.

आमच्यात एक रीत आहे. अरुंद वाटेवर कुणाला मागे टाकायचं असेल तर ओरडून सांगायचं, पुढच्याने बाजूला व्हायचं. कितीही वैर असो, ही रीत कुणी मोडत नाही. मी छाती भरून श्वास घेतला.

"डावीकडून," मी ओरडले.

त्याच क्षणी माझ्या मागून, अगदी पाठीशी, कुणीतरी ओरडलं, "डावीकडून."

आवाज माझा होता. थकला की शेवटी फाटतो, तसा फाटलेला.

इतक्या वर्षांची सवय. मी उजवीकडे सरले.

पुढची बाई उजवीकडे सरली.

आम्ही उभ्या राहिलो. मला मागे वळायचं नव्हतं. तीही वळली नाही. डावीकडून कुणी गेलं नाही.

मग मी धावले. वर, काठाकडे, मग पलीकडून खाली, सायकलवर बसून, ब्रेक न लावता. पुढे कुणी नव्हतं. उतारावर चिखल सपाट होता, पावसाने धुतलेला. एकाही चाकाची ओळ नव्हती.

मैदानात ह्यांच्या हातात घोंगडी होती. मी सायकलवरून पडल्यासारखी उतरले आणि त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी घोंगडी माझ्या अंगावर टाकली नाही. ते माझ्या डोक्यावरून डोंगराकडे बघत होते.

"चला ना," मी म्हणाले. "गारठलेय मी."

"थांब," ते म्हणाले. "अजून एक यायची आहे."

लोकांनी दोऱ्या गुंडाळल्या, फळ्या उपटल्या, टेबल उचललं. आम्ही थांबलो. कुणी आलं नाही. घरी परतताना गाडीवर सायकली बांधल्या, दोनच होत्या. आलो तेव्हाही दोन, निघालो तेव्हाही दोन. दाखवायला काहीच नव्हतं, विचारायलाही नाही.

रात्री मी नडगी शेकत बसले होते. हे अंगणात सायकल धुवत होते, मी शेवटी चालवली ती. बराच वेळ झाला म्हणून डोकावले तर ते ब्रश टाकून नुसते बघत होते.

"काय झालं?"

"निघत नाहीये," ते म्हणाले. "वरचा ओला निघाला. त्याच्या खाली वाळलेला आहे. त्याच्याखाली आणखी जुना. गवत रुजलंय गं याच्यात. मुळं आहेत."

"खाणीतली माती चिकट असते," मी म्हणाले. मला तेव्हा दुसरं काय सुचणार?

त्यानंतर ते माझ्याकडे बघायला लागले. आधी कधी बघायचे नाहीत असं नाही, पण हे बघणं वेगळं होतं. दुकानात कुणी जुनी सायकल विकायला आणली की चोरीची तर नाही ना म्हणून ते जसे बघत, तसं. मी पोळपाट पुसायचे, चादर घालायचे, केस विंचरायचे, आणि दारात ते उभे. मग प्रश्न सुरू झाले. सहज विचारल्यासारखे.

"आपण पहिल्यांदा भाड्याची खोली बघायला गेलो, तिथली कुठली पायरी वाजायची?"

"शेवटून दुसरी."

"मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं?"

"मी. आणि तुम्ही मला आई समजून हाका मारत होतात."

"बरोबर," ते म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा आणखी पडायचा.

एकदा मी चिडले. "सगळं बरोबर सांगते ना मी? आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"सगळं बरोबर सांगतेस," ते हळूच म्हणाले. "पण हे तिलाही माहीत असणार."

गंमत म्हणजे सासूबाई माझ्यावर खूश झाल्या. "डोंगराने सून सुधारली हो माझी," त्या नणंदेला सांगताना मी ऐकलं. "पूर्वी उलट बोलायची. आता भांडणच नाही." मी उलट बोलत नव्हते, कारण मला भीती वाटायची. चुकून काही वेगळं बोलले तर हे म्हणतील, बघ, ही ती नव्हेच. माणूस स्वतःसारखं वागायचं ठरवून वागू लागला की कसा दिसतो ते मला तेव्हा कळलं. मी शर्यतीही सोडल्या. ह्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही.

दरवर्षी त्या शर्यतीच्या दिवसांत ते एक सायकल धुऊन, तेलपाणी करून, एकटेच कुठेतरी घेऊन जायचे आणि संध्याकाळी तशीच स्वच्छ परत आणायचे. मला वाटलं, बाहेर काही प्रकरण असावं. खरं सांगते, तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. एका वर्षी मी मागे गेले. शर्यती केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या, पिटची शेड पडली होती. पावसात, शेडच्या उरलेल्या एका खांबाशी हे उभे होते. सायकल तिरकी धरून, एक हात सीटवर, एक हँडलवर. मान खाली.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "त्या दिवशी सायकल टाकताना ती काय म्हणाली होती? काय बिघडलंय म्हणाली?"

ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"म्हणाली, 'अहो, किती वेळ लावलात.'"

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. दुकान भाच्याला दिलं. ह्यांचे गुडघे गेले, तरी त्या दिवसांत सायकल हातात धरून, चालत चालत, ते जायचेच. मी अडवायचं सोडून दिलं. आम्ही एका घरात दोन शहाण्या माणसांसारखे राहत होतो. रात्री कधी जाग आली तर ते कुशीवर वळून माझ्या श्वासाचा आवाज ऐकत असलेले दिसायचे. मी झोपल्याचं सोंग करायचे. पण आशा मी सोडली नव्हती. एक दिवस ते मला ओळखतील, पूर्वीसारखी भुवई उडवतील, यावर मी दिवस काढले.

गेल्या थंडीत ते सायकल घेऊन निघाले तो दिवस तसाच होता, गारांचा. दिवे लागायच्या सुमारास फाटक वाजलं. मी स्वयंपाकघरात होते. सायकलचा आवाज आला, पण नेहमीसारखा टिकटिक नाही. चाक अडून अडून फिरत होतं, चिखलाने भरलेलं फिरतं तसं.

मग ह्यांचा आवाज. "हळू. पायरी ओली आहे."

कुणाशी बोलतायत, असा विचार माझ्या मनात आला. त्या आवाजात काहीतरी होतं. तसा आवाज मी पस्तीस-चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

"गरम पाणी टाका," ते बाहेरून म्हणाले. "फार गारठलीये ही."

मी पाणी टाकलं. गॅस मोठा केला. मागच्या दाराने मोरीकडे कुणीतरी गेलं. मोरीचं दार लागलं. तांब्याने पाणी अंगावर ओतल्याचा आवाज आला, पुन्हा पुन्हा, खूप वेळ. एवढं पाणी एका आंघोळीला लागत नाही.

हे आत आले. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि चेहरा शांत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो संशय, ज्याच्यासोबत मी म्हातारी झाले, त्या नजरेत उरला नव्हता. कुणाच्या घरी गेल्यावर तिथल्या बाईला म्हणावं तसं, आदबीने, ते म्हणाले, "तुम्ही फार केलंत. बसा आता. पुढचं ती बघेल."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

तेव्हापासून इथेच आहे. खोली चांगली आहे, ऊनही येतं. माझी चादर, माझी औषधं त्यांनी इथेच आणून दिली. आत दोघांचं बोलणं चालतं ते ऐकू येतं. हे हसतात. मध्येच काही उलट बोलणं होतं, मग पुन्हा हसणं. भाचा येतो, आत जाऊन मामीच्या पाया पडतो, आणि जाताना मलाही नमस्कार करतो.

संध्याकाळी पडद्याआडून एक हात माझा चहा पुढे करतो. साखर किती, हे तिने मला अजून एकदाही विचारलेलं नाही.